दाराबाहेरची खुर्ची

रोज सकाळी खोलीचं कुलूप काढलं की बाई टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी एक उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवायच्या. संध्याकाळी झाडलोट झाली की ती परत आत यायची आणि सकाळी बाई ती परत बाहेर काढायच्या.

“कायमचीच राहू दे की बाहेर,” शिपाईकाका एकदा म्हणाले.

“नको. रोज उचलली की मलाही आठवण राहते.”

शाळेतल्या मोठ्या मुलांना पुढे काय शिकायचं, कुठल्या कॉलेजात अर्ज करायचा, अर्जासोबत स्वतःविषयी चार शब्द काय लिहायचे, हे सांगणं बाईंचं काम. एकेका मुलाची पाळी यायची. मूल आत, आईबाप बाहेरच्या खुर्चीवर, हा नियम. कारण पालक आत बसले की मुलाची दातखीळ बसते. मुलं पाठीमागे त्यांना खुर्चीबाई म्हणायची आणि ते बाईंना ठाऊक होतं.

पालक मात्र काही ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. एक वडील दार ढकलून आत आले. “आम्ही डॉक्टर व्हायचं ठरवलंय.”

“अरे वा,” बाई म्हणाल्या. “या वयात?”

एका आईनं कुठूनसं ऐकलं होतं की अर्जात एखादं संकट असलं तर कॉलेजवाले विरघळतात. ती रडवेली झाली होती. “आमच्याकडे सगळं चांगलंच आहे हो, बाई. आता कसं करायचं? मागच्या वर्षी एक मांजर गेलं, पण ते शेजाऱ्यांचं.”

“मग शेजाऱ्यांच्या मुलाला अर्ज करू दे.”

असे किस्से बाई घरी जेवताना रंगवून सांगायच्या आणि लेक पोट धरून हसायची. लेक त्याच शाळेत होती. तिनं वास्तुकला शिकावी असं बाईंच्या मनात होतं, पण त्या तसं एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. फक्त सुंदर इमारतींची पुस्तकं तिच्या हाताशी सहज लागतील अशी ठेवायच्या. इतकी सहज, की एक न्हाणीघराच्या खिडकीतही असायचं.

मग लेकीची पाळी आली. खुर्ची नेहमीसारखी बाहेर होती.

“येऊ का, बाई?” शाळेत ती आईला बाईच म्हणायची.

“ये. काय ठरवलंस?”

“कवळ्या करायच्या.”

“काय करायच्या?”

“कवळ्या. आजीचे दात करायला गेलो होतो ना, तिथे तो कारागीर मेणात एकेक दात लावत होता. आजीचं तोंड हवा गेलेल्या फुग्यासारखं झालं होतं. कवळी बसवली आणि एकदम आपली आजी परत आली. मला ते शिकायचंय. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.”

“अगं, मग दातांची डॉक्टर तरी हो! मार्क आहेत तुला.”

“डॉक्टरला लोकांच्या तोंडात बघावं लागतं. मला टेबलाशी बसून दात घडवायचेत.”

“हे बघ, आम्ही तुझ्यासाठी केवढा विचार करून...” आणि बाई थबकल्या. हे वाक्य त्यांनी आजवर दाराच्या याच बाजूला बसून पालकांच्या तोंडून ऐकलं होतं.

लेक उठली. तिनं दार उघडलं.

“आई, तू जरा बाहेर बस. मला बाईंशी बोलायचंय.”

बाई बाहेर जाऊन बसल्या. खुर्ची हलत होती. एक पाय आखूड होता तिचा. इतकी वर्षं आईबाप या खुर्चीवर डुगडुगत बसले होते आणि एकानंही तक्रार केली नव्हती. त्यांचं सगळं लक्ष बंद दाराकडे. बाईंचंही आता तिथेच होतं.

शिपाईकाका थांबले. “कोणाच्या पालक म्हणायच्या आपण?”

“आतल्या मुलीची आई,” बाई म्हणाल्या. “हसू नका, काका.”

बऱ्याच वेळानं त्या उठल्या, स्वतःच्याच खोलीच्या दारावर टकटक करून आत गेल्या आणि आपल्या जागी बसल्या. “हं. प्रवेश परीक्षा कधी आहे?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. नातेवाइकांना मात्र पुढची दोन वर्षं “मुलगी दातांच्या क्षेत्रात आहे” एवढंच सांगितलं. माणूस एका दिवसात किती सुधारणार?

पुढे बाईंचे दात गेले तेव्हा लेकीनंच कवळी केली. पुढचा एक दात किंचित तिरका ठेवला, मूळचा होता तसाच. बाईंनी आरशात बघितलं आणि आठवडाभर त्या विनाकारण सगळ्यांकडे बघून हसत होत्या.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी चक्कर येते म्हणून लेक त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांसमोर दोन खुर्च्या होत्या. दोघी बसल्या आणि लेकीनं सुरुवात केली, “आम्हाला कालपासून गरगरतंय, जेवणही जात नाही...”

त्याच रात्री बाईंची शुद्ध हरपली, ती परत आली नाही. पण दवाखान्यात त्या खणखणीत होत्या. लेकीकडे वळल्या, आणि तिनंच घडवलेल्या दातांमधून एकेक शब्द स्वच्छ आला.

“तू बाहेर बस. आणि बसण्याआधी खुर्ची हलते का बघ.”