पाहुण्यांसाठी थांबलेला भात

"भातात जिवाणू सापडल्यात म्हंजे हात घाण हुतं. आनि काय पायजे?" शाळा समितीच्या बैठकीत सरपंचांनी आरोग्य खात्याचा अहवाल टेबलावर आपटला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण ते हात माझ्या आईचे होते. दुधनीजवळच्या आमच्या गावात शाळेतल्या पोरांचा भात आई शिजवते, अगदी मी तिथं शिकत होते तेव्हापासून. आणि त्या अहवालात ज्या जिवाणूचं नाव होतं, तो माझ्या चांगल्या ओळखीचा. सोलापूरच्या प्रयोगशाळेत मी रोज त्याच्याच मागे असते.

झालं होतं ते असं. शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं. त्यासाठी तालुक्याचे साहेब सकाळी येणार म्हणून आईनं पहाटेच चुली पेटवल्या आणि पातेलंभर मसालेभात करून ठेवला. साहेब काही येईनात. पोरं ताटल्या घेऊन बसलेली. आईनं मुख्याध्यापकांना विचारलंसुद्धा, "गुर्जी, लेकरं भुकेली हायेत. वाढू का?"

"थांबा हो मावशी, पंगत साहेबांच्या हस्ते सुरू करायचीय. फोटो काढायचाय."

मग काय, भात गार होऊ नये म्हणून पातेल्याला गोणपाट गुंडाळलं, वर परात झाकली. ऊन एप्रिलचं, स्वयंपाकखोली पत्र्याची. प्रयोगशाळेत हे जिवाणू वाढवायला आम्ही एक पेटी मुद्दाम उबदार ठेवतो. इथं अख्खी खोलीच तशी झाली होती. साहेब दुपार कलल्यावर उगवले, फोटोपुरता एक डाव वाढला आणि जेवायला गेले सरपंचांच्या घरी, ताज्या मटणावर! दिवस मावळायच्या आत पोरांना उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सगळी बरी झाली, हे नशीब. पण खापर फोडायला कुणीतरी हवंच होतं. आईचं काम जाणार हे ठरल्यातच जमा होतं. नाव तर आधीच गेलं होतं. ज्या बायका रोज तिच्याशी गप्पा मारत, त्या तिच्या हातचं पाणीही नको म्हणायला लागल्या.

म्हणून मी बैठकीत उभी राहिले. म्हटलं, "हा जिवाणू मातीतला. तांदळाबरोबर तो घरोघरी येतो, तुमच्याही. तो जाड कवच करून बीजाणू होऊन पडून राहतो. भात उकळला तरी मरत नाही, उलट त्या आचेनं जागा होतो. विष बनवायची जनुकं त्याच्यात असतात, पण गप्प असतात. भात तासन्‌तास कोमट राहिला, त्यात जिवाणू भराभर वाढले, की ती चालू होतात. मग भात कितीही गरम करा, ते विष जात नाही. ती जनुकं नेमकी कधी चालू होतात, हेच मी शिकतेय. त्यांना एवढा वेळ दिला कुणी, ते सांगा. आणि हात घाण म्हणता, तर उकळत्या पातेल्यात हात घालून भात कोण शिजवतं हो?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. सरपंच म्हणाले, "पोरगी आईचीच बाजू घेनार की!" साहेबांच्या उशिराबद्दल एक चकार शब्द नाही. शेवटी मोठं मन करून त्यांनी आईला कामावर ठेवलं आणि हातमोजे अन् टोपी द्यायचं ठरवलं. डोंबलाचे हातमोजे! मी घरापर्यंत बडबडत आले.

आई चुलीपाशी बसली. म्हणाली, "तुझं ते इख जागं हुतं, ते उशीर झाल्यावरच न्हवं?"

"व्हय. भात झाल्या झाल्या वाढला असता, तर काही झालं नसतं."

"बरं," एवढंच म्हणाली. मला तिचाही राग आला. एवढा अपमान गिळून ही बाई भाकरी थापायला बसते!

पुढं हिवाळ्यात खेळाच्या बक्षिसांचा कार्यक्रम झाला. मी सुट्टीवर होते, आईला मदत म्हणून गेले. भात तयार, पोरं ओळीनं बसलेली, आणि पाहुणे अक्कलकोटात अडकलेले. मुख्याध्यापक लगबगीनं आले. "मावशी, जरा थांबा. पाहुणे निघालेत."

आईनं हातमोजे काढले, दोन्ही एकमेकांवर ठेवले आणि गुरुजींच्या हातात दिले.

"मग ह्ये तुमी घाला, गुर्जी. पावनं आल्यावर तुमीच वाढा, आनि लेकरं वकली तर तुमचंच नाव घेऊ दे गावाला. मी वाढनार आसंन तर आत्ताच वाढनार."

गुरुजींनी फाटकाकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "वाढा."

आईनं डाव उचलला. वाफाळता भात पहिल्या ताटलीत पडला. पाहुणे आले तेव्हा पोरं हात धुऊन खेळायला गेली होती, आणि गुरुजी ते हातमोजे धरून तसेच दारात उभे होते.