जिना न उतरता राऊटर

स्वस्थ बसता न येणारी माणसं जगात पुष्कळ आहेत, पण माझ्या बायकोच्या धाकट्या मामांपुढं ती सगळी ध्यानाला बसल्यासारखी वाटतात. मामा पोहे उभ्यानं खातात, साखर पडायच्या आधीच चहात चमचा फिरवतात, आणि क्रांती चौकात सिग्नल लाल दिसला की रिक्षातून उतरून चालू लागतात. एकदा रिक्षावाला चौक ओलांडून त्यांची वाट बघत थांबला होता. मामा मागून घामाघूम होऊन आले आणि त्यालाच म्हणाले, "चाचा, लई उशीर करू राह्यले तुम्ही!" लासूर स्टेशनच्या एका लग्नात मंगलाष्टकं लांबली, तेव्हा यांनी मुठीतल्या सगळ्या अक्षता मधेच उधळल्या. त्यांचं बघून निम्म्या मांडवानं उधळल्या आणि खऱ्या मुहूर्ताला नवरानवरीवर पाच-पन्नास दाणे कसेबसे पडले.

अशा माणसाच्या नशिबी सावकाश चालणारं इंटरनेट आलं. राऊटर तळमजल्यावर, थोरल्या मामांच्या बैठकीत. वर मामांकडं नुसता रिपीटर, म्हणजे खालचं वायफाय पकडून पुढं ढकलणारी एक पांढरी डबी. खाली जाऊन राऊटर बघता आला असता. पण थोरल्यांनी न विचारता अंगणातलं जांभळाचं झाड तोडलं, तेव्हापासून भावाभावांत अबोला होता. निरोप असले तर ते थोरल्या मामी पोचवत. कुणीतरी चोरून नेट वापरतंय असा मामांना संशय. त्यामुळं राऊटरचा पासवर्ड बदलायचा होता, पण जिना मात्र उतरायचा नव्हता.

मग दर रविवारी मला बोलावणं. "जावईबापू, पासवर्ड बदलला, तरी खाली दादाचं मोबाइलवरचं भजन चालूच हाय!" असं म्हणत मामा फरशीला कान लावून पडलेले असत. मी समजावलं, की तुम्ही उघडता ते पान राऊटरचं नाही, तुमच्याच रिपीटरचं आहे. राऊटरचा पत्ता वेगळा. फोनमध्ये वायफायच्या माहितीत 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो, तो टाका, म्हणजे रिपीटरमधून थेट खालच्या राऊटरपर्यंत पोचाल. आत शिरायला लागणारा परवलीचा शब्द राऊटरच्या पोटावर चिकटवलेला होता, आणि थोरल्या मामींनी त्याचा फोटो गुपचूप वर पाठवला होता.

त्या रविवारी दुपारी पान उघडलं. वरती राऊटरचं नाव दिसलं आणि मामा पलंगावरून उडालेच. मी म्हणालो, "मामा, थांबा. पासवर्ड बदलला की सगळ्यांचं तुटेल, तुमच्या रिपीटरचंसुद्धा. आधी खाली सांगू."

'थांबा' हा शब्द मामांना ऐकूच येत नाही. त्यांनी नवा पासवर्ड टाकून बटण दाबलंसुद्धा.

रिपीटरचा दिवा लाल झाला, आणि खालून थोरल्या मामांचा आवाज आला, "अगं, गेलं! आत्ता कुठं तोंड दिसू राह्यलं होतं!"

त्यांची लेक जर्मनीत. सकाळीच बाळंत झाली होती आणि आजोबांना पहिल्यांदा बाळ दाखवत होती. वर हे कुणी सांगितलंच नव्हतं; तिचे दिवस भरलेत, एवढंच मामांना ठाऊक होतं. मामींचा निरोप अजून यायचाच होता. आवाज ऐकून मामांचा चेहरा उतरला. "लेकीला काय झालं का रे?" एवढं म्हणाले आणि अनवाणी जिना उतरत सुटले. मी त्यांच्या मागं.

बैठकीत थोरले मामा खिडकीबाहेर हात काढून फोन उंच धरून उभे होते. मामींनी पुढं होऊन बाळाची बातमी सांगितली. मामा दारातच अडखळले.

"दादा, मीच बदलला पासवर्ड. दे इकडं फोन."

थोरल्यांनी फोन पुढं केला. "तू बघितलंस का बाळ?"

"नाय."

नवा पासवर्ड दोनदा चुकला, मग लागला. पडद्यावर पुतणी उमटली, तिच्या कुशीत गुंडाळलेलं गाठोडं. "काका? तुम्ही खाली?" एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. दोन पांढरी डोकी एकाच फोनवर वाकली होती. शेवटी थोरले म्हणाले, "जरा सरक ना. मला दिसंना."

थोरले मामा-मामी आता लेकीकडंच असतात, नातवाला सांभाळायला. खालच्या मजल्याची किल्ली मामांकडं आहे. संध्याकाळी ते बैठक उघडतात, झाडून घेतात आणि तिथूनच दादाला फोन लावतात. वर का नाही बोलत म्हणून विचारलं, तर म्हणाले, "इथं नेट चांगलं येतं."

वरचा रिपीटर मीच नीट बसवून दिलाय. वरही आता नेट उत्तम चालतं.