माझ्या मजुरीचा लॅपटॉप

वकीलसाहेबांनी मला आलेली नोटीस चार पक्षकारांसमोर मोठ्याने वाचली. कर्जतला त्यांच्या घरातच ऑफिस आहे. पक्षकार खुर्च्यांवर, मी दाराशी उभी. माझी आई त्याच घरात स्वयंपाक करते.

"टायपिंगची अचूकता नव्वद टक्क्यांच्या खाली, दंड भरा, नाहीतर कोर्टात या." चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अगं, स्वयंपाकीणबाईच्या मुलीला हे उद्योग सांगितले कोणी?"

पक्षकार हसले. आई चहाचा ट्रे घेऊन आली होती. तीही कसनुसं हसली. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

आतल्या खोलीत साहेबांची मुलगी सायली कानाला हेडफोन लावून बंगलोरच्या ऑफिसशी बोलत होती. आम्ही एकाच वर्गात बी.कॉम. झालो. मार्क मला जास्त. काकाच्या ओळखीने तिला घरबसल्या नोकरी लागली. खुर्चीवर पाय घेऊन मीटिंग करते, चहा माझ्या आईच्या हातचा पिते. मी जळायचे. खोटं कशाला बोलू? तिचं स्टेटस बघितलं की माझा घास घशाखाली उतरत नसे.

त्या जळण्यातच फसले. फोनवर मेसेज आला. घरबसल्या टायपिंग, मुलाखत नाही, ओळख नको. ओळख नको, हेच गोड लागलं. करार इंग्रजीत होता. वाचता येत असून वाचला नाही, अंगठा लावावा तशी सही केली. पळसदरीच्या आमच्या घरात आठवडाभर मान मोडून फॉर्म भरले. पगाराऐवजी नोटीस आली.

साहेब म्हणाले, नोटीस खोटी आहे, असल्यांना उत्तरसुद्धा द्यायचं नाही. तेवढ्यावर थांबले असते तर मी पाया पडले असते.

"पण लॅपटॉप इथे ठेवून जा. आम्ही दिलेल्या वस्तूवर असल्या भानगडी नकोत. माथेरानला हॉटेलात चादरी बदलायला मुली लागतात, सांगतो तुझं."

लॅपटॉप सायलीचा, जुना. आई आजारी होती तेव्हा दोन महिने मी त्या घरी चपात्या लाटल्या. पगाराच्या जागी तो मिळाला. नाव मात्र 'दिलेला'.

आई हळूच म्हणाली, "दे गं त्यांचा त्यांना."

माझा हात पिशवीतल्या लॅपटॉपवर गेला आणि तिथेच राहिला.

"त्यांचा नाय तो. दोन महिनं हितं चपात्या लाटल्यात मी. माझ्या मजुरीचा हाय."

सायलीने उठून खोलीचं दार लावून घेतलं. मी लॅपटॉपसकट बाहेर पडले, सरळ पोलीस स्टेशनला गेले आणि तक्रार लिहून दिली. गावातल्या आणखी दोन मुलींना तोच मेसेज आला होता. लाज गिळून त्यांना माझी नोटीस दाखवली.

आता मुलाखत न घेता काम देणारा दिसला की मी फोन ठेवते. आधी पैसे मागितले तरी तेच. करार शब्दन् शब्द वाचते. मागच्या महिन्यात एका खऱ्या कंपनीने परीक्षा घेतली, समोर बसवून प्रश्न विचारले आणि नापास केलं. पुन्हा अर्ज केलाय.

आई अजून त्या घरी जाते. सायलीवर मी अजून जळते, आणि ते जळणं मी सोडणार नाही. माझा पहिला पगार आला की आई तिथे जायची बंद. मग सायलीने मीटिंगमधून उठावं आणि स्वतःचा चहा स्वतः करावा.