टकटक्याचं कपाट

आमच्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानाचं लाकूडकाम ज्यानं केलं, त्या सुताराला सगळी गल्ली टकटक्या म्हणते. लाकूड दिसलं की बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं, ही त्याची खोड. वखारीत फळी वाजवायचा ते ठीक, पण कुणाकडे गेला तर बसायच्या आधी खुर्चीही वाजवून बघायचा. त्याची बायको चारचौघांत म्हणायची, "मला बघायला आले तेव्हा माझं डोकंच वाजवायचे, पण बाप शेजारी बसला होता म्हणून वाचले." लोक हसायचे. म्हणायचे, कारागीर पक्का, लाकडाच्या पोटातलं ऐकतो.

ही खोड कारागिरीची नव्हती, धास्तीची होती. ती कुठं लागली हे त्याला एकट्याला ठाऊक होतं.

एकतीस वर्षांपूर्वी, तेवीस वर्षांचा असताना, त्यानं अंगावर घेतलेलं पहिलं काम म्हणजे हे दुकान. खाली दुकान, वर मालकाचं बिऱ्हाड. मालकाला मधोमध एक उंच कपाट हवं होतं, आणि नेमका तिथंच लाकडी खांब उभा. टकटक्यानं तो ऐटीत वाजवला. पोकळ वाजला. "मालक, हा नुसता नावाला उभा आहे," तो म्हणाला. "याच्यावर काही नाही."

खांब निम्म्याच्या वर कापून झाला आणि करवत धरली गेली. पुढं जाईना, मागं येईना. वाकून बघितलं तर काप मिटत चालला होता. डोक्यावर भार असलेलं लाकूडच असं करवत चावतं, हे कुठल्याही सुताराला कळतं. त्यालाही कळलं, पण तोंडातून शब्द आधीच निघून गेला होता. मालक बाहेर गेलेला. वर मालकाची सहा वर्षांची पोर दोरीवर उड्या मारत होती, आणि प्रत्येक उडीला तुळईतून माती त्याच्या मानेवर पडत होती.

त्यानं तुळईखाली दोन जाड सागवानी दांडे ठोकून बसवले, खांब काढून टाकला आणि त्या दांड्यांभोवती कपाट बांधलं. दिसायला कपाट, कामाला टेकू. मालक संध्याकाळी बघून खूश. म्हणाला, "कपाट आहे का किल्ला?" टकटक्या हसला आणि हत्यारं गोळा करू लागला. तेव्हाच बोलला असता तर चार शिव्यांवर भागलं असतं.

मालक गेला. दोरीवर उड्या मारणारी पोर मालकीण झाली. तिची आई वरच्या खोलीत खुर्ची टाकून दिवसभर बसून असायची. खुर्ची कुठं, तर बरोबर कपाटाच्या डोक्यावर, कारण तिथून खिडकीतला रस्ता दिसतो.

यंदा मालकिणीनं दुकान नवं करायला काढलं. डिझाइनर बाई आली, तिनं मोठा कागद पसरला. भिंती उजळ, खिडकीशी लांब टेबल, दारातून थेट मागच्या ओट्यापर्यंत सगळं मोकळं. टकटक्यानं कागदावर कपाट शोधलं. त्या जागी दोन गोल खुर्च्या काढल्या होत्या.

"कपाट राहू द्या," तो म्हणाला. "जुनं सागवान आहे. असं आता मिळत नाही."

"काका, ते मध्ये म्हशीसारखं बसलंय," डिझाइनर म्हणाली. "त्याच्यामुळे उजेड आत येत नाही."

"आणि तुमचा जीव अडकलाय त्यात, मला माहिती आहे," मालकीण हसून म्हणाली. "पहिलं काम ना तुमचं?"

काम नाकारावं तर दुसरा कोणी येऊन कपाट फोडणार. म्हणून त्यानं घेतलं. खिडकीचं टेबल केलं, भिंतीच्या फळ्या केल्या, ओट्याची दारं केली. कपाटाचं नाव निघालं की म्हणायचा, शेवटी. रोज सकाळी ठरवायचा, आज सांगून टाकू. मालकिणीसमोर तोंड उघडायचा, आणि बाहेर पडायच्या बिजागरीच्या गोष्टी. आठ दिवस असे गेले. घरी जेवण उतरेना. बायको म्हणाली, "ताट कशाला वाजवताय? ते स्टीलचं आहे."

नवव्या दिवशी खिडकीच्या चौकटीसाठी लांब वासे आणायला तो वखारीत गेला. डिझाइनर कंटाळली होती. तिनं तोडकाम करणारी दोन माणसं बोलावली आणि त्यांना कपाट दाखवलं.

टकटक्या हातगाडी घेऊन दारात आला तेव्हा कपाटाची दारं भिंतीला टेकलेली होती, फळ्या जमिनीवर, मालकीण आणि डिझाइनर बाजूला उभ्या. डावीकडचा दांडा शाबूत होता. उजवीकडच्या दांड्यात करवत होती, अर्ध्यापर्यंत गेलेली, आणि एक धिप्पाड गडी तिच्या मुठीशी झटत होता.

"काका, बरं झालं आलात," तो म्हणाला. "अडकली बघा. ओढतो तर येत नाही."

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मातीची बारीक धार कपाटावर पडली आणि थांबली.

"लाकूड फुगलंय," टकटक्या म्हणाला. ही थाप एकतीस वर्षं तयार ठेवलेली होती, ती आपसूक आली.

"मग एक दणका देतो," गडी म्हणाला आणि त्यानं घण उचलला.

टकटक्यानं त्याचं मनगट धरलं. "ठेव खाली. करवतीला हात लावू नको. ती तशीच राहू दे." मग मालकिणीकडे न बघता म्हणाला, "ताई, आईंना खाली आणा. आत्ताच्या आत्ता. इथं कपाट नाही. वरच्या तुळईचा टेकू आहे हा. इथला खांब मी कापलाय."

डिझाइनरनं वर छताकडे बघितलं आणि दोन पावलं मागं झाली. मालकीण जिन्यानं धावली.

वरून म्हातारीचा आवाज आला. "कशाला? मला उठायलाच दहा मिनिटं लागतात. कुणाला एवढी घाई आलीय?"

टकटक्या जिन्याखाली गेला. "वहिनी, भिंतीच्या कडेनं या. मधून चालू नका."

"का रे टकटक्या? मध्ये काय पेरून ठेवलंस?"

"हो वहिनी, मीच पेरलंय. तुम्ही आधी खाली या."

काठी भिंतीच्या कडेनं वाजू लागली. एक पाऊल, थांबणं, पुन्हा एक पाऊल. टकटक्यानं तोवर सगळ्यांना रस्त्यावर काढलं आणि एकटाच तुळईखाली उभा राहिला. हातगाडीवरचा वासा उंचीला कापला, तुळईखाली उभा केला, बुडाशी पाचर ठोकली. हळू ठोकली, दोन ठोक्यांत थांबून ऐकत. मग दुसरा वासा. वरची काठी जिन्यावर आली, जिना उतरली, दाराबाहेर गेली. तेव्हा त्यानं शेवटची पाचर जोरात हाणली. करवत सैल झाली आणि खणकन खाली पडली.

तो बाहेर आला. तोंडावर माती, त्यात घामाचे ओघळ.

"म्हणजे एकतीस वर्षं," मालकीण म्हणाली. आवाज अगदी साधा होता, म्हणून त्याला जास्त लागला. "रोज तुम्ही इथं कॉफी प्यायलात. आई वर बसली होती, हे माहीत असताना."

"हो."

"बाबांना माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नव्हतं."

"आणि त्या गड्यानं आज कपाटाला हात लावला नसता तर?"

टकटक्यानं विचार केला. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. "तर आजही बोललो नसतो," तो म्हणाला.

इंजिनिअर आला, त्यानं बघितलं, डोक्याला हात लावला. लोखंडी खांब ठरला. तो नीट बसेपर्यंत टकटक्या तिथंच राबला. काम संपलं तसं मालकिणीनं हात पुढं केला आणि विश्वासानं त्याच्याकडे ठेवलेली दुकानाची किल्ली मागून घेतली.

"दुसरं एक," ती म्हणाली. "दुकान उघडेल त्या दिवशी पहिला कप तुमचा. या खांबाला लागून खुर्ची टाकणार आहे. आई वर जाऊन तिच्या जागी बसेल, मग तुम्ही खाली बसायचं. कप संपेपर्यंत."

गल्लीत गोष्ट फुटलीच होती. दुकान उघडलं त्या सकाळी सगळे जमले. उजेड आता मागच्या ओट्यापर्यंत जात होता. मधोमध खांब, काळ्या रंगाचा, उघडा. डिझाइनरला तो झाकायचा होता, पण मालकिणीनं झाकू दिला नाही. टकटक्या आला, खुर्चीसमोर उभा राहिला. बोटं मिटली, उघडली. सगळे त्याच्या हाताकडे बघत होते. खुर्ची न वाजवता तो बसला.

कप आला. वर काठीचा आवाज झाला, मधोमध चालत आला. खुर्ची करकरली, म्हातारी बसली. टकटक्यानं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी कप धरला. कॉफी तोंड भाजेल इतकी गरम होती, तरी फुंकर न घालता तो घोटामागून घोट घेत राहिला.