साखळीबाई आणि उसनं सांडपाणी

नगरपालिकेत सगळे त्यांना साखळीबाई म्हणत, ते काही उगीच नाही. शहराची आखणी करणाऱ्या या इंजिनिअर बाईंना सुटी गोष्ट बघवतच नसे. घरीसुद्धा भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, कुंड्यांतून गळलेलं फरशीला, आणि फरशी पुसायला नवरा.

उमेदीची सगळी वर्षं खपून त्यांनी शहराला एक व्यवस्था लावून दिली. सांडपाण्यातून गॅस, गॅसवर वीज, विजेवर पंप, पंपाने घरोघरी पाणी, आणि वापरून झालं की पुन्हा सांडपाणी. बाहेरून काही आणायचं नाही, बाहेर काही टाकायचं नाही. जुना डिझेल जनरेटर बाईंनी स्वतः भंगारात काढला. "आता कशाला लागतोय मेला?"

मग एका लांबलचक सुट्टीत जवळजवळ सगळं शहर बाहेरगावी गेलं. सांडपाणी आटलं, गॅस संपला, वीज गेली, नळ कोरडे पडले. लोक परत आले, पण पाण्यावाचून सांडपाणी येणार कुठून? आडात नाही म्हणून पोहऱ्यात नाही, हे ऐकलं होतं. इथे पोहऱ्यात नाही म्हणून आडात येईना. नगराध्यक्षांनी भोंग्यावरून आवाहन केलं, "प्रत्येकाने आपलं कर्तव्य पार पाडावं!" लोकांनी पाडलंही, पण वर ओतायला काही नव्हतं. पाण्याचे टँकर मागवले, तर लोकांनी पिंपं भरून घट्ट झाकणं लावली. कुणी थेंब सांडेना.

राहता राहिलं शेजारचं शहर. तिथे सांडपाण्याचं खातं आणि असाच गॅसचा कारखाना सांभाळत होती बाईंची थोरली नणंद. दोघींमधून विस्तव जात नव्हता. बाई मान खाली घालून तिच्या ऑफिसात गेल्या.

"वन्सं, थोडं सांडपाणी हवं होतं. उसनं."

"आमची घाण काय रस्त्यावर पडलीये?"

"पूर्वी पडायची," बाई पटकन बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली.

नणंदेला हसू आवरेना. "टँकर घेऊन जा आजच. पण नंतर दोन्ही शहरं जोडणारा पाइप टाकायचा."

"मग माझी साखळी मोडेल, वन्सं."

"अगं, घरातल्या घरात सगळं जोडलंस आणि दार ठेवायला विसरलीस. उद्या माझंही अडेल."

टँकर गावात शिरले. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, पण त्या दिवशी लोकांनी ती मांडीवर वाजवली. दुसरा हात नाकावर होता. संध्याकाळी पंप घरघरले. बाई कारखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडल्या.

पाइप झाला. पुढच्या सुट्टीत नणंदेचं शहर ओस पडलं, तेव्हा बाईंनी न सांगता वाल्व पूर्ण उघडला. तासाभरात फोन आला.

"अगं, माया कळली! जरा कमी सोड, खिडक्या उघडवत नाहीत."