न धावणारा खुनी

जानराव उभ्या आयुष्यात कुणाला टोचूनही बोलले नसतील, आणि सिनेमात मात्र त्यांनी नऊ माणसं कापली. वीस वर्षांपूर्वी रायपूरजवळच्या स्मृति नगरच्या प्रफुलनं, लग्नांचे व्हिडिओ काढता काढता, एक चाकूसुऱ्यांचा सिनेमा काढायला घेतला. खुनी धिप्पाड हवा होता. स्टील प्लांटच्या भट्टीवरचे जानराव त्याला फुकटात मिळाले.

मुखवटा पुठ्ठ्याचा, रक्त बिटाचं. सगळं जमलं, पण पोरीमागे धावायचं आलं तेव्हा जानराव काही केल्या धावेनात. शेजारून वितळलेलं लोखंड वाहत असताना भट्टीवर कुणी धावत नाही. तोवरच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्यांचे पाय पळणं विसरूनच गेले होते.

"काका, खुनी आहात तुम्ही, पळा ना," प्रफुल वैतागला.

"पाय उचलूनच नाही राहिले रे बाबा," जानराव ओशाळले. "चालत येतो ना."

पोरगी जिवाच्या आकांतानं पळते, हा बाबा सावकाश येतो आणि तरी गाठतोच! पाहणाऱ्यांची बोबडी वळली. सीडी हातोहात फिरली. पुढे रायपूरपासून नागपूरपर्यंत ज्यानं ज्यानं असला सिनेमा काढला, त्याचा खुनी चालतच आला. जानरावांचं नाव मात्र कुणाला ठाऊक नाही.

त्याचं त्यांना काही वाटत नसे. सल एकच होता. बायकोनं, कांताबाईंनी, तो सिनेमा पाहिला नव्हता. "सकाळी पंचशील म्हनता अन् दुपारी मानसं कापता," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला तो कायमचा. बिचाऱ्यानं जन्मात एकच हौस केली, तीही घरात चोरीची झाली.

गेल्या रविवारी दुपारी प्रफुलनं नव्या पोरांसाठी जवळच्याच कुरुदच्या एका सभागृहात तो सिनेमा पुन्हा लावला. जानरावांनी भीत भीत विचारलं, "येतं का?" कांताबाई चपला घालून निघाल्या. सभागृहात जानराव पडद्याऐवजी त्यांच्याकडेच बघत बसले.

मुखवटा गल्लीतून येऊ लागला. पोरं किंचाळली. कांताबाईंनी तोंडाला पदर लावला.

"चाल, घरी जाऊ," जानराव पडेल आवाजात म्हणाले.

"बसा," कांताबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "डबल ड्यूटी करून असेच येत होते तुमी. मी खिडकीतून पाहत होती."

मग पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "त्या पोरीले सांगा, पळू नको म्हना. त्या मानसाले गिलासभर पानी पायजे फक्त."