धाकट्याला दरीतच पडू द्या

माझ्या मेहुण्याने मला फसवले. माझी थाप शिकून घेतली, बिघडवली आणि वर स्वतःची म्हणून खपवली.

भरे गावाच्या वरच्या डोंगरात मी फार्महाऊसचे प्लॉट दाखवतो. नुसता कातळ बघून गिऱ्हाईक पाकिटाला हात घालत नाही, म्हणून प्रत्येक वळणावर मी एकेक गोष्ट रचून ठेवली. पठारावर एक खाच पडलेला खडक आहे. तिथे वाट फुटते. दोन राजपुत्र भांडले, तलवार खडकावर बसली, ही तिची खूण, असे मी सांगायचो. थोरला उजवीकडे गेला, त्याला झरा लागला आणि त्याची भरभराट झाली. धाकटा डावीकडे गेला तो थेट दरीत. डावीकडे खरंच कडा आहे. शिवाय तिकडे माझा एकही प्लॉट नाही.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात सूसच्या एका जोडप्याला वर नेले. मेहुणाही होता. अचानक असे धुके उतरले की स्वतःची चप्पल दिसेना. मोबाईलला रेंज नाही. बाई घाबरल्या, तसा मी गोष्ट सुरू केली आणि चाचपडत निघालो. हाताला खाच लागली. "थोरल्याच्या मागे चला!" असे ओरडून उजवीकडे वळलो. पाण्याचा आवाज आला, त्याच्या कडेने उतरलो आणि डांबरीवर आलो. साहेबांनी धुक्यातही भाव पाडून मागितला. मी दिला नाही.

त्यांनी प्लॉट घेतला नाही. शिबिर काढले. गोष्टींवरून जंगलात वाट कशी शोधायची, ते आयटीतल्या लोकांना शिकवायचे. शिकवायला ठेवले माझ्या मेहुण्याला. का, तर मी शिव्या देतो.

गेल्या रविवारी त्यांची टोळी डावीकडे गेली. कड्यात थोडी उतरून एका कपारीत अडकून बसली. गावाने दोर लावून एकेकाला वर घेतले आणि सगळे माझ्या दारात आले. "गोष्ट तुमचीच ना?" आता माझ्याबरोबर डोंगर चढायला कोणी तयार नाही. पोट त्यावर आहे माझे.

मेहुण्याला बोलावले.

"काय रे, डावीकडं गेलेल्या धाकट्याला राजा कुणी केला?"

"दाजी, बाया रडत्यात वो. धाकटा मेला की डबा उघडत न्हाईत."

"रडू देत की! रडलेला माणूस वाट इसरत न्हाई."

"तुमाला मायाच न्हाई."

"माया हाय म्हणून तर ढकलला त्याला!"

तो स्वतः घरात धाकटा, हे मी तेव्हा विसरलो होतो. बायको आतून म्हणाली, "मेलेल्याला जरा जिवंत केलं तर तुमचं काय गेलं?"

माझी थाप ऐकून आजवर एकही माणूस हरवलेला नाही. ती मी डोंगराच्या मापाने बेतली होती. यांनी ती डोळ्यांतल्या पाण्याच्या मापाने उसवली.

तेव्हा शिबिराच्या मालकांनी आणि माझ्या मेहुण्याने पारावर यावे आणि चार माणसांसमोर सांगावे: धाकट्याला राज्य मिळाले ना? मग त्या कड्याखाली ते नेमके कुठे आहे, दाखवा.